वाली मरायला तयार नाही

नागवेणी नाईकच्या रजिस्टरात पाच रकाने होते: नाव, खेळ, किती वेळ बसले, त्यातले किती वेळ जागे, आणि हसले का. शेवटचा रकाना तिने स्वतःच्या डोक्याने आखला होता आणि आल्यागेल्याला ती तो दाखवल्याशिवाय सोडत नसे. होन्नावरच्या पुलापलीकडच्या त्या वृद्धनिवासात बेचाळीस म्हातारी माणसं. रोज सकाळी साडेदहा ते साडेअकरा त्यांना कशात गुंतवायचं, हे ठरवणं तिचं काम. माणसांची पारख तिला रजिस्टरातून झाली होती. चेंडू फेकायला हजर एकोणीस, जागे अकरा. चित्रं रंगवायला हजर चौदा, त्यांतले चौघे फक्त पेन्सिलींची टोकं चांगली नाहीत हे सांगायला. भजनाला चाळीस, कारण नंतर गूळपोहे मिळत. भक्ती किती आणि पोहे किती, हे तिने कधी वेगळं काढलं नाही. सगळंच कशाला उकरायचं?

सुब्राय हेगडे यांच्या ओळीत मात्र जवळजवळ सहा आठवडे नुसत्या आडव्या रेघा होत्या.

हेगडे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, सिद्दापूरकडचे सुपारीबागवाले. खुबा मोडल्यापासून पलंगावर, आणि मनही ठिकाणावर असायचं तेव्हा असायचं. खाटेसकट हॉलमध्ये आणलं की छताकडे बघत पडून राहत, जणू कौलं मोजताहेत. आणि नियम असा होता की सहा आठवडे ज्याची ओळ कोरी, त्याला मागच्या इमारतीत हलवायचं. तिथे गाद्या उत्तम, दोन नर्सबाया सदोदित हजर. फक्त साडेदहा वाजत नसत. तिथून हॉलमध्ये परत आलेला माणूस नागवेणीने पाहिला नव्हता.

आता या नियमाची गंमत अशी की तो नागवेणीनेच सुचवलेला होता. गेल्या वर्षी व्यवस्थापक शानभागांसमोर टापटीप दाखवायच्या भरात ती बोलून गेली होती, "ज्यांना उपयोग नाही त्यांच्यासाठी जागा कशाला अडवायची?" शानभागांनी ते टाइप करून भिंतीवर लावलं.

"शनिवारी सहा आठवडे भरतात," गुरुवारी शानभाग म्हणाले. "शनिवारी मी हॉलमध्ये येतो, तिथेच कागदावर सही करू. वाईट वाटून घेऊ नकोस. तुझंच रजिस्टर सांगतंय."

ते ऐकून नागवेणी थेट मंजय्यांकडे गेली. मंजय्या त्या बेचाळिसांतलेच, एके काळचे भागवत, म्हणजे यक्षगानात पदं गाणारे. दात चार उरले होते, आवाज पुरा होता.

"मंजय्याअज्जा, हेगडेंना कशाची आवड होती हो?"

"आवड?" मंजय्या खोकत हसले. "अगं पोरी, भांडायची! तालमद्दलेमधला वाली होता तो. आमच्या बाजूला वाली म्हणजे सुब्राय हेगडे. बाण लागल्यावर दीड तास रामाची उलटतपासणी घ्यायचा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? तू तर चेंडू फेकत होतीस."

नागवेणीला रात्रभर झोप आली नाही असं काही झालं नाही. ती चांगली झोपली, कारण उपाय तिच्या हातात आला होता. तालमद्दले म्हणजे बसल्याबसल्या केलेलं यक्षगान. नाच नाही, मुकुट नाही, पाठ केलेलं भाषण नाही. भागवताने पद म्हणायचं आणि पात्रांनी त्यावर आपल्या मनाने वाद घालायचा. उभं कुणाला राहायला नको. आणि वाली तर बाण लागून आडवाच पडलेला असतो! खाटेवरच्या माणसासाठी याहून चपखल भूमिका कोण लिहिणार?

शुक्रवारी तिने बारीकसारीक सगळं ठरवलं. व्यायामवाल्या बाईंना विचारून खाटेची पाठ किती उचलायची ते पक्कं केलं. पाणी चमच्याने, घोटाघोटाने. वेळ वीस मिनिटं, त्यापुढे एक मिनिट नाही. देवळातून मद्दळ, म्हणजे साथीचा मृदंग, मागवला. रामासाठी निवासातल्याच कमलाक्षी टीचर: बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेला, शब्दाला धार, कानात यंत्र. "बाईमाणूस राम?" असं दोघातिघांनी नाक मुरडलं, तेव्हा टीचर म्हणाल्या, "तुमच्यात कुणाला सलग पाच वाक्यं येत असतील तर पुढे या." कुणी आलं नाही.

एकच गोष्ट नागवेणीने चुकीची केली. निघताना टीचरच्या कानाशी म्हणाली, "जरा सांभाळून हं. आजारी आहेत."

शनिवारी हॉल भरला. पोहे नाहीत हे आधी सांगूनही एकतीस आले. शानभाग कोपऱ्यात कागद घेऊन बसले. मंजय्यांनी पद उचललं, मद्दळ वाजला, बाण सुटला. हेगडे छताकडे बघत होते.

मंजय्यांनी पद पुन्हा म्हटलं. हेगडे तसेच.

मग कमलाक्षी टीचर अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "वालीराया, तुला फार लागलं का? माझं चुकलंच. झाडामागून मारायला नको होतं. तू आता शांत पड."

हॉलमध्ये कुणीतरी चुकचुकलं. नागवेणीने पेन रजिस्टरावर टेकवलं, आडवी रेघ ओढायला.

"कुठून आणला हा राम?"

आवाज घोगरा होता, पण मागच्या रांगेपर्यंत पोचला. हेगडेंनी मान वळवली होती.

"मी विचारतो, पाठीमागून बाण का मारलास? आणि हा माझ्या तब्येतीची चौकशी करतो! राम आहेस की कंपाउंडर?"

एकतीस म्हातारी माणसं एकदम हसली. टीचरचा चेहरा लाल झाला. कानातलं यंत्र त्यांनी बोटाने घट्ट बसवलं आणि खुर्चीत सरसावून बसल्या.

"बरं! मग ऐक, वाली. धाकट्या भावाची बायको घरात ठेवलीस, त्याला रानोमाळ पळवलंस. भरताच्या राज्यात हा गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा मी दिली."

"शिक्षा! शिक्षा देणारा समोर येतो, नाव सांगतो. तू झुडपात का बसलास?"

"तू वानर. वानराची शिकार आडोशानेच करतात."

"वा!" हेगडेंचा हात चादरीबाहेर आला. "मी वानर, तर मला माणसाचा कायदा कसा? आणि कायदा लागू, तर मी माणूस. मग शिकार कशी? रामा, दोन्ही दगडांवर उभा राहू नकोस. एक काय ते ठरव!"

"व्वा हेगडेरे!" मंजय्या स्वतःचं भागवतपण विसरून ओरडले. तिकडे नावापुढे ‘रे’ म्हणजे आपलं ‘राव’.

वीस मिनिटं झाली. नागवेणीने पाण्याचा चमचा पुढे केला. हेगडेंनी तो घेतला, पण डोळे रामावरून हलवले नाहीत. एकदा मध्येच ते अडकले. "सीतेसाठी तू मैत्री केलीस ती... तो माझा भाऊ... तो..." सुग्रीव हे नाव सापडेना.  नागवेणी खाटेकडे एक पाऊल सरकली.

"ज्याचं नावसुद्धा तोंडात घ्यायला मला लाज वाटते, त्याच्याशी!" हेगडे म्हणाले.

टाळ्या पडल्या. तो विसर होता की डाव, कुणाला कळलं नाही. नागवेणीला कळलं, आणि ते तिने कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. स्वयंपाकघरातून पेजेचा निरोप दोनदा आला. शेवटी मंजय्यांनी वालीच्या प्राणत्यागाचं पद सुरू केलं.

"थांब भागवता," हेगडे म्हणाले. "रामाने उत्तर दिलेलं नाही. मी मरणार कसा?"

"हेगडेरे, मरा हो आता," कोपऱ्यातून शानभाग काकुळतीने म्हणाले. "पेज निवतेय."

"तुम्ही कोण? सुग्रीवाच्या बाजूचे दिसता!"

नाव आता बरोब्बर आलं होतं.

टीचर धापा टाकत हसत होत्या. "आज उत्तर नाही माझ्याकडे. सोमवारी देते. तोवर जिवंत राहा."

"बघतो," हेगडे म्हणाले.

खाट बाहेर नेताना शानभागांनी हातातला कागद पुढे केला. "आता याचं काय करायचं, नागवेणी? एवढ्याने नियम बदलत नाही. उद्या ते पुन्हा गप्प बसतील."

"बसतील," ती म्हणाली. "दुपारीच मला विचारतील, तू कोण म्हणून." तिने भिंतीवरचा टाइप केलेला नियम काढला आणि त्या कागदावर ठेवला. "ओळ कोरी राहिली, ती माझी होती, शानभागरे. मी चेंडू फेकत होते. यापुढे सहा आठवडे कुणाची ओळ कोरी राहिली, तर मला विचारा, मी काय काय करून पाहिलं. त्याला हलवू नका."

"तुझाच नियम होता."

"म्हणूनच मी काढते. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता."

शानभागांनी तिच्याकडे बघितलं, दोन्ही कागदांची घडी घातली आणि खिशात टाकली. "सोमवारी किती वाजता?"

"साडेदहा. आणि मध्ये बोलायचं नाही."

दुपारी हेगडेंनी खरंच विचारलं, तू कोण. पेजेत मीठ नाही म्हणून चिडलेही. नागवेणी मीठ आणायला निघाली तेव्हा कमलाक्षी टीचर काठी टेकत दारात आल्या. हातात ग्रंथालयातलं जाडजूड रामायण, त्यात जागोजागी खुणेच्या चिठ्ठ्या.

"वालीराया," त्या म्हणाल्या, "सकाळी मी जिंकले. आठवतंय ना?"

हेगडेंना काही आठवत नव्हतं. पण त्यांनी चमचा खाली ठेवला.

"कोण म्हणतं?" ते म्हणाले, आणि टीचर खुर्ची ओढून बसल्या.