लोखंडाला मनाई

अळणावराजवळच्या आमच्या भातशेताला मालक पुष्कळ आणि राखणदार एक, म्हणजे मी. चौऱ्याहत्तर साली कायदा आला, कसेल त्याचीच जमीन होणार असं ठरलं, तेव्हा घरातलं कुणीतरी शेतावर राहायलाच हवं होतं. थोरल्या दिरांचं हुबळीत कापडदुकान, नणंद धारवाडला दिलेली, पुतण्याची शाळा चालू. माझा नवरा नुकताच गेला होता, मूलबाळ नव्हतं. हिला काय, कुठंही राहिली तरी एकच, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या घराचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

मग मी राहिले. लावणी, कापणी, मळणी, आणि शेवटी ज्याच्या त्याच्या नावाचं तांदळाचं पोतं बसच्या टपावर चढवायचं. तांदूळ पोचला, मऊ होतो, असा निरोप यायचा. माणूस यायचं नाही.

दर सीगी हुण्णिवेला, म्हणजे कोजागिरीला, मी सगळ्यांना जेवायला बोलवायची. आमच्याकडे त्या दिवशी शेत गर्भार असतं. त्याची ओटी भरायची, डोहाळजेवण करायचं, पुरणाचे कडबू, भाकरी, भाजी यांचा घास चारी बाजूंना उधळायचा. विधवेनं कुणाची ओटी भरू नये म्हणतात, पण जमिनीनं कधी हरकत घेतली नाही.

चौऱ्याऐंशी साली सगळे येतो म्हणाले. मी गोधड्या उन्हात टाकल्या, शेजारून तवा आणला, दोन प्रकारच्या चटण्या कुटल्या. आमचा गडी बसप्पा म्हणाला, अक्का, लग्न आहे का घरात? मी म्हटलं, असंच समज.

पुतण्या वेंकटेशनं हुबळीच्या गोकुळ रोडवर लेथचं वर्कशॉप टाकलं होतं, त्याच्याच टेंपोतून सगळे उतरले. थोरले भीमराव भावजी, धारवाडच्या सुलभावन्सं, चुलत घरातले दोघं-तिघं. सगळ्यांच्या मागून एक अनोळखी माणूस उतरला, खांद्यावर मोजणीची साखळी घेऊन. टेंपोत हद्दीचे दगड होते आणि दोन पहारी.

भावजींनी समजावून सांगितलं की आपण आहोत तोवर वाटणी झालेली बरी, पोरं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. खरं होतं ते. मला वाटणीचं दुःख नव्हतं. पण दगड रोवले की प्रत्येकजण आपला तुकडा आज ना उद्या विकेल, आणि मग या वाटेला कुणी का येईल? मला एक रात्र हवी होती. घर भरलेलं असावं, कुणीतरी घोरावं, सकाळी चहाला कप कमी पडावेत.

वेंकटेशनं बांधावर पहार उचलली, तेव्हा मी म्हटलं, "आज नाही. गर्भारणीच्या अंगात लोखंड घालायचं नसतं."

सगळे थबकले. शहरात गेली तरी शेतकऱ्याचीच पोरं. वेंकटेशनं पहार अशी हळू खाली ठेवली की जणू ती झोपलीय. भावजी कानाला हात लावून म्हणाले की विसरलोच, आता उद्याच करू, आज मुक्काम. मोजणीदारालाही कडबू दिसत होते, त्यानं साखळी खांद्यावरून उतरवली.

बांधावर पंगत बसली. भावजींनी लहानपणी चोरलेल्या काकड्यांची गोष्ट सांगितली, वेंकटेश म्हणाला, काकू, तुमच्या हातची एणगाई खायला तरी दर वर्षी मोजणी ठेवू या. मी हसले, त्याला आणखी एक वांगं वाढलं आणि मनात रात्रीच्या दुधाचा हिशेब करत राहिले.

फक्त सुलभावन्सं धड जेवत नव्हत्या. सारख्या रस्त्याकडे बघायच्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. त्यांच्या यजमानांना उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आलेला. मी हळूच विचारलं, घरी कोण आहे?

"शेजारीण आहे. दिवेलागणीपर्यंत. त्यांना कूस बदलून द्यावी लागते, वहिनी, तिला जमत नाही." मग घाईनं म्हणाल्या, "असू दे. एक रात्र काय."

एक रात्र काय असते ते मला ठाऊक होतं. माझ्या माणसाला मीच कूस बदलून द्यायची. धारवाडची बस निघून गेलेली, आणि टेंपो एकच होता.

हात धुऊन मी भावजींना म्हटलं, "चुन्याला मनाई नाही. आज मोजून कोपऱ्यांवर चुन्याच्या फुल्या करा. दगड मी नंतर बसवून घेईन."

"आणि साखळी? ती लोखंडाचीच की."

"ती वरून लोळते. आत जात नाही."

"हे आधी का नाही बोललीस?"

"आधी कुणी विचारलं नाही."

शास्त्र सांगणारी मी कोण? पण त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं. बांधाबांधावरून साखळी फिरली, पांढऱ्या फुल्या पडल्या. ऊन उतरायच्या आत टेंपो सुरू झाला. सुलभावन्संनी खाली वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही. येत जाऊ हं, असं सगळेच म्हणाले.

उरलेले कडबू मी बसप्पाच्या घरी दिले. गोधड्यांची चळत होती तशीच राहू दिली, रात्री तिला टेकून बसले, आटवलेलं दूध एकटीनं किती पिणार?

सकाळी दंवानं फुल्या पुसट व्हायला लागल्या होत्या, म्हणून बसप्पाला घेऊन लगेच गेले. तो पहारीनं खड्डा करायचा, मी दगड धरायची. प्रत्येक दगडाला तो विचारायचा, हे कुणाचं? मी सांगायची. हे भीमरावांचं. हे वेंकटेशचं. हे सुलभावन्संचं, नीट ठोक, हलता कामा नये.