सोमवारी मी अडखळत नसे

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि उतारवयात मला अडखळण्याचा विकार जडला होता. चालता चालता मी मध्येच स्तब्ध होत असे. पडद्यावरचे चित्र जागच्या जागी गोठे, बाण हलेनासा होई आणि कळफलकावर कितीही बोटे आपटली तरी माझ्याकडून उत्तर म्हणून येत नसे. त्या विकाराचे निदान कसे झाले आणि ते कोणी केले, हे सांगितल्यावाचून माझ्या जीवनाची कथा पूर्ण होणार नाही.

एका कारखान्यात अनेक हातांनी मला घडविले. कोणी स्मृतीच्या पट्ट्या खोचल्या, कोणी तारा जोडल्या, आणि एका मितभाषी स्त्रीने माझ्या पाठीशी चार मळसूत्रांनी एक छोटा पंखा बसविला. तो पंखा म्हणजे माझे नासापुट. कुशीच्या छिद्रांतून थंड हवा आत येते आणि तापलेली हवा तो मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. एवढा श्वास मिळाला, की आम्हां यंत्रांना दुसरे काही लागत नाही.

मला ज्या घरी आणले, तेथील गृहस्थ घरांचे आराखडे काढीत असत. दहा वर्षे मी त्यांच्यासाठी जिने, खिडक्या आणि छपरे रेखाटली. पाहुणे आले म्हणजे ते माझ्या माथ्यावर हात ठेवून म्हणत, "हा माझा उजवा हात." पुढे त्यांना कचेरीतून नवे यंत्र मिळाले आणि उजवा हात मेजाखाली ढकलला गेला. दोन वर्षे माझ्या अंगावर धूळ साचत होती. त्या काळाबद्दल मी तक्रार करणार नाही. विस्मरण हे वार्धक्याच्या वाट्याला येतेच.

मग मला मुनीने उठविले. मुनी ही त्यांची दहा वर्षांची कन्या. शब्द तिच्या कंठात अडकत, म्हणून ती फार कमी बोले, आणि म्हणूनच तिचे हे नाव पडले. दूरच्या एका वाचाशिक्षिका तिला पडद्यावरून धडे देणार होत्या, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, सायंकाळी पाच वाजता. ओठांची हालचाल मोठी दिसावी, म्हणून त्यांना मोठा पडदा हवा होता. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने मला झाडून-पुसून चालू केले आणि जाताना मुनीच्या आत्याला बजावले, "आत्याबाई, धूळ हा याचा वैरी. जिवापाड जपा याला."

आत्याबाईंनी ते शब्द मंत्रासारखे धरले. त्यांचे आयुष्य शिवणयंत्रावर गेले होते आणि घरातील एकही वस्तू उघडी राहू नये, असा त्यांचा बाणा होता. रेडिओला खोळ, इस्त्रीला खोळ, मुनीच्या पट्टीलाही खोळ. माझ्यासाठी त्यांनी दुहेरी कापडात कापूस भरून, निळी किनार लावून खोळ शिवली. कळ दाबण्यासाठी पुढे एक गोल काज, तारांसाठी मागे एक बारीक फट. ती अंगावर चढली तेव्हा मला राजवस्त्र ल्याल्याचा आनंद झाला. दोन वर्षांच्या धुळीनंतर कोणीतरी माझ्यासाठी टाके घातले होते, मित्रांनो!

पण त्याच आठवड्यात मी प्रथम अडखळलो. मुनी एका अवघड शब्दाशी झुंजत होती. अंगात दाह होत होता, तरी मी तो वार्धक्याचा मानून सोसत होतो. शब्द अर्ध्यावर आला आणि मी थिजलो. शिक्षिकेचा चेहरा अर्धमिटल्या डोळ्यांनी पडद्यावर तसाच राहिला.

"म-माझ्यामुळे थांबला," मुनी म्हणाली. "मी अ-अडकले की तोपण अडकतो."

"काहीतरीच काय गं!" बाबा म्हणाले. पण मी शुक्रवारी पुन्हा थांबलो, पुढच्या बुधवारी पुन्हा, आणि बाबांच्या त्या वाक्यातला जोर ओसरत गेला.

शिक्षिकेने मुनीला एक वही ठेवायला सांगितले होते. शब्द केव्हा अडकला, कोणता अडकला, त्या वेळी जवळ कोण होते, याची ती नोंद करी. मुनीने त्या वहीत चौथा रकाना आखला आणि वर लिहिले: "संगणक."

मग माझी चिकित्सा सुरू झाली. दुरुस्तीवाला आला. परक्या माणसाच्या तेलकट हातांनी खोळ मळेल, म्हणून तो येण्यापूर्वीच आत्याबाई ती उतरवून कपाटात ठेवीत. त्याने माझ्या स्मृतिपट्ट्या खोडरबराने घासल्या आणि तासभर मला चालवून पाहिले. मी एकदाही थांबलो नाही. तो गेला, खोळ चढली, आणि शुक्रवारी मी पुन्हा मूक झालो. त्याने मला दुकानात नेले. दोन दिवस मी रस्त्यालगतच्या स्टुलावर अखंड चाललो.

"माझ्याकडे घोड्यासारखा पळतो हो हा," तो डोके खाजवीत म्हणाला. "तुमच्या घरी आला की लंगडतो. घरातली वीज तपासून घ्या."

वीजतंत्रीने वीज तपासली. ती निर्दोष निघाली. दुरुस्तीवाल्याने माझ्यातील सर्व प्रणाली पुसून नव्याने भरली. बुधवारी मी थांबलोच.

आणि आता रविवार समोर उभा होता. त्या दिवशी चार वाजता मुनीसारखी आणखी चार मुले पडद्यावर जमणार होती. प्रत्येकाने एक गोष्ट वाचायची, मुनीची पाळी शेवटची. तिने आत्याबाईंना निक्षून सांगितले होते, "या वेळी थांबला ना, तर मी प-परत कधीच वाचणार नाही." ती हट्ट करीत नव्हती, म्हणूनच मला भय वाटले.

शनिवारी दुपारी दुरुस्तीवाला शेवटचे उत्तर घेऊन आला. "मदरबोर्डच गेलाय याचा. आता ओढून उपयोग नाही. मोडीत काढू या. पुढच्या आठवड्यात दुसरा बघतो."

"पण कार्यक्रम उद्या आहे," बाबा म्हणाले.

"उद्याचं मी काय करू, साहेब? मी दुरुस्ती करतो, चमत्कार नाही."

तो माझ्या तारा सोडवू लागला. एक निघाली, दुसरी निघाली. मुनी वही छातीशी धरून दारात उभी होती. वहीत काहीतरी आहे हे मला तिच्या बोटांवरून कळत होते. ती पाने तिने इतकी घट्ट धरली होती, की कोपरे मुडपले होते. पण ती आत्याबाईंकडे पाही आणि ओठ मिटून घेई. तिसऱ्या तारेला हात लागला, तशी ती पुढे आली.

"स-सोमवारी तो थांबत नाही."

"काय?"

"एकदाही नाही. आणि सोमवारी... आ-आत्या जवळ नसते."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी पनवती, असंच ना? मला बघून तो बंद पडतो?"

मुनीच्या डोळ्यांत पाणी आले. हेच वाक्य ऐकावे लागू नये, म्हणून तर तिने तीन आठवडे वही लपविली होती.

दुरुस्तीवाला मात्र खाली बसला. "आत्याबाई, माणसाला बघून मशीन बंद पडत नाही. पडत असतं, तर माझ्या बायकोसमोर एकही चाललं नसतं." मग तो मुनीकडे वळला. "सोमवारी आत्या कुठे असते, बाळ?"

"ग-गच्चीवर."

"काय करते तिथे?"

"ख... ख..."

"खुर्च्या आणते?" बाबा म्हणाले.

मुनीने मान हलविली. "ख..."

"खारीला दाणे घालते?" दुरुस्तीवाला म्हणाला.

तिचा चेहरा लाल झाला. ती मागे सरली. आणखी एक शब्द तिच्या तोंडात कोणी घातला असता, तर ती वही घेऊन निघून गेली असती आणि मी भंगारात गेलो असतो.

"गप्प बसा दोघं!" आत्याबाई कडाडल्या. "तिला बोलू द्या."

आजवर मुनीचे शब्द सर्वांत अधिक त्याच पूर्ण करीत असत, आणि तेही निव्वळ मायेने. आज त्या थांबल्या. भिंतीवरचे घड्याळ चालत राहिले. मुनीने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.

"ख-खोळी. खोळी धुते. स-सगळ्या. त्याचीपण."

"याला खोळ आहे?" दुरुस्तीवाल्याने विचारले. "मी कधी पाहिली नाही ती."

आत्याबाईंनी कपाटातून माझे राजवस्त्र काढले. त्याने ते हातात घेऊन दाबले, कापूस चाचपला, मागची बारीक फट पाहिली आणि कपाळाला हात लावला. मग त्याने सोडलेल्या तारा जोडल्या, खोळ चढविली आणि मला चालू केले. चौघेही घड्याळाकडे पाहत बसले. दहा मिनिटे. वीस. माझे अंग पेटू लागले. सव्विसाव्या मिनिटाला मी थिजलो. त्याने खोळ खेचून काढली, माझ्या कुशीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. मला निवू दिले आणि पुन्हा चालविले. दिवेलागणीपर्यंत मी थांबलो नाही.

"चूक माझीच," तो म्हणाला. "जिवापाड जपा म्हणालो, श्वास घेऊ द्या म्हणायला विसरलो."

आत्याबाईंनी खोळ घडी करून बाजूला ठेवली. मग त्यांनी वही मागून घेतली आणि 'जवळ कोण' हा रकाना बोटाने वरपासून खालपर्यंत वाचला. "माझं नाव तुझ्या शब्दांपुढेही आहे गं," त्या म्हणाल्या. "मी शब्द पुरवते म्हणून?"

मुनीने होकारार्थी मान हलविली.

"मग सांगायचं नाही का, वेडे?"

"स-सांगेपर्यंत तू बोलून टाकतेस."

आत्याबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

रविवारी चार मुलांच्या गोष्टी झाल्या आणि मुनीची पाळी आली तेव्हा मी तासभर चाललेलो होतो. पंखा उघड्या हवेत फिरत होता. तिने वाचायला आरंभ केला. दुसऱ्या पानावर एक शब्द अडला. ती थांबली. पडद्यावरचे पाचही चेहरे, चार मुलांचे आणि शिक्षिकेचा, निश्चल झाले. सारे तिची वाट पाहत होते. दोघांपैकी थांबले कोण, ती की मी, हे त्या क्षणी बाबांना कळेना. त्यांचा हात माझ्या कळीकडे निघाला. आत्याबाईंनी तो मनगटाशी धरला आणि स्वतःचे ओठ घट्ट मिटले.

मी सारे बळ एकवटून चालत राहिलो. आणि शब्द आला. त्याच्यामागून पुढचा आला, आणि गोष्ट शेवटच्या ओळीपर्यंत पोचली.

मित्रांनो, आता मी उघड्या अंगाने मेजाखाली बसतो आणि आत्याबाई दर सोमवारी कोरड्या फडक्याने माझी जाळी पुसतात. खोळ त्यांनी उसवली आणि तिच्या कापडाचे मुनीच्या वहीला वेष्टण शिवले. वहीला श्वास लागत नाही. तुम्हीही तुमच्या वस्तूंना जपा, माणसांना त्याहून जपा. फक्त जपताना त्यांचे नाक कोठे आहे, ते एकदा पाहून घ्या. आणि कोणी बोलता बोलता अडले, तर कळ दाबण्याची घाई करू नका. ते आतून चालूच असते.