डॉक्टरीणबाईंच्या गाडीची काच

एक रुमाल. कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं भरलेलं फूल.

सायकलच्या ट्यूबचा चार बोटं तुकडा.

"त्याला सांग, जेवून घे म्हनावं."

पावसाळाभर खाडीकाठी वर ओढून ठेवलेली होडी.

महाप्याच्या वाटेवर एक म्हैस. काळी, ओली, आणि मोटारीच्या नाकापासून हातभर अंतरावर.

म्हशीपासूनच सुरुवात करू, कारण बोलणी खावी लागली ती तिच्यामुळे.

१९५८ सालचा श्रावण. दिवाळे गावचा चांगदेव कोळी बेलापूरच्या डॉक्टर मालतीबाईंची गाडी चालवायचा. दवाखान्यापाशी आडोसा नव्हता, म्हणून गाडी रात्री त्याच्याच अंगणात असायची. त्या दिवशी बाई महाप्याला एका बाळंतिणीला बघायला निघाल्या होत्या. पाऊस काही फार नव्हता. वायपर इमानानं इकडून तिकडे फिरत होते, पण ते जितके फिरत तितकी काच आणखी दुधाळ होत होती. म्हैस दिसली तेव्हा चांगदेवनं ब्रेक दाबला. म्हैस हलली नाही. बाईंची औषधांची पिशवी मात्र मागच्या सीटवरून पुढे आली.

"तुला ती दिसली नाही?"

"दिसली बाई."

"कधी?"

चांगदेव उतरून म्हैस हाकलून आला.

"हे तिसऱ्यांदा झालं, चांगदेव. तिथं एखादं पोर असतं तर? सोमवारपर्यंत काच नीट झाली नाही, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नकोस."

एवढं बोलून त्यांनी रुमाल नाकाशी धरला. चांगदेवला तो आरशात दिसला. हल्ली त्या रोजच धरायच्या.

नोकरी गेली तर पुन्हा बापाच्या होडीवर जायचं होतं, आणि त्याला भीती होती ती होडीची नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यानं होडी सोडून स्टिअरिंग धरलं, तेव्हापासून बाप, रामचंद्र, त्याच्याशी बोलत नव्हता. जे सांगायचं ते आईच्या, बायजाच्या मार्फत. माय दोघांच्या मध्ये बसायची आणि निरोप इकडून तिकडे द्यायची, तेही दोघांना सगळं ऐकू येत असताना. नोकरी घालवून परत गेला असता, तर म्हातारा टोमणासुद्धा मारणार नव्हता. ते जास्त वाईट होतं.

कारण पहिलं: नळी.

त्या जुन्या विलायती गाडीचे वायपर इंजिन हवा ओढतं त्या जोरावर चालायचे. मध्ये एक रबरी नळी. चढ आला की वायपर मान टाकायचे, हे ठाऊकच होतं. चांगदेवनं नळी काढून बघितली, तर टोकाशी चिरलेली. त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि वर जाळ्याचा दोरा गुंडाळून आवळला. वायपर असे पळायला लागले की बघत राहावं.

काच दुधाळच.

कारण दुसरं: पात्यांचं रबर. पनवेलहून नवं आणलं, बसवलं. पहिल्याच सरीत पुन्हा तेच.

तिसरं कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटायला लागलं, खोट आपल्यातच आहे. डोळे आपले गेलेत, आणि बाईंच्या नाकाला झोंबतो तो वासही आपल्याच अंगाचा. कोळ्याच्या अंगाचा. तो लाल साबणानं दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागला.

"लगीन ठरलं का रं तुजं?" बायजानं विचारलं. "मला तरी सांग, मी आय हाय तुजी."

कोपऱ्यातून रामचंद्र म्हणाला, "त्याला सांग, पोरगी साबनाला भुलत नाय."

"ऐकलंस?" बायजा म्हणाली.

"ऐकलं."

शनिवारी तो पनवेलला अब्दुर्रहमानचाचाकडे गेला. चाचा मोठा फिटर, चांगदेवला गाडी शिकवली ती त्यानंच. चाचानं बॉनेट उघडलंच नाही. कोरड्या काचेवरून एक बोट फिरवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं.

"या अल्ला! तू मोटार चालवतोस का गलबत?"

"का चाचा?"

"वास घे."

चांगदेवनं घेतला. "कसला? मला नाय येत."

"तुला कसा येईल? तू त्यातच जन्मलास. बाबा, मुशी माशाचं तेल आहे हे! होडीला चोपडता ते. काचेवर, रबरावर, दांडीवर, सगळीकडे. तो वायपर बिचारा पाणी पुसेल का तेल सारवेल?"

चाचानं सोड्याच्या पाण्यानं काच धुतली, राखेनं घासली, रबर पुसून काढलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. पलीकडचा रस्ता लख्ख दिसला. चांगदेवनं आपला दंड हुंगला आणि तो एकटाच हसला.

"कुणाचं काम हे?" चाचानं विचारलं. "दुश्मनाचं?"

चांगदेवनं मानेनंच नाही म्हटलं. दिवाळ्यात ते तेल घराघरांत असायचं. पण इतका पातळ, एकसारखा हात गावात एकाचाच होता.

सोमवारचं आधीच सांगून टाकू, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. सोमवारी पाऊस पडला, काच स्वच्छ राहिली, बाईंनी दुसरा माणूस शोधला नाही. अवघड होता तो रविवार.

रविवारी तांबडं फुटायला चांगदेव अंगणात आला. रामचंद्र गाडीपाशी होता. हातात फडकं, पायाशी डबा. वायपरची दांडी त्यानं दोन बोटांनी उचलून धरली होती, झोपलेल्या पोराचा हात उचलावा तशी, आणि खालून तेल लावत होता.

"खारा वारा लोखंड खातो," तो स्वतःशीच पुटपुटत होता. "याला कोन सांगनार?"

चांगदेव दारातच थांबला. तुझ्या तेलानं माझी नोकरी जाते, एवढं म्हटलं असतं की काम झालं असतं. फडकं खुंटीला गेलं असतं, आणि म्हातारा गाडीकडे पुन्हा वळला नसता. पण काच तर उद्या स्वच्छ हवी होती.

"बा."

रामचंद्र दचकला. सवयीनं त्यानं बायजाला शोधलं. ती पाण्याला गेली होती.

"बा, काचेला नको. काच काय लाकूड नाय, ती तेल पीत नाय. वरच राहतं, मंग पावसात मला दिसत नाय." तो गाडीपाशी आला. "पन हिला खालून गंज धरलाय. होडीचा आधी तल सांभालतात ना?"

रामचंद्र काचेकडे बघत राहिला, मग हातातल्या फडक्याकडे. त्याचा चेहरा उतरला. बोलायला मध्ये कुणी नव्हतं, म्हणून अखेर त्यानं गाडीलाच विचारलं, "तुजा तल कुठं हाय गो?"

"खाली," गाडीच्या वतीनं चांगदेव म्हणाला. "निजून बघावं लागतं."

चांगदेवनं ओल्या जमिनीवर गोणपाट पसरलं. दोघं पाठीवर सरकत आत शिरले. खांद्याला खांदा लागला.

"इथं?"

"तिथं नाय बा, ते तापतं."

"मंग इथं?"

"ते ब्रेकचं. त्याला अजिबात नको."

"सगलंच नको तुजं." रामचंद्रनं बोटानं एक खपली उडवली. "आनि हे?"

"हे गंजलंय. इथं लाव."

रामचंद्रनं लावलं. मग म्हणाला, "डबा सरकव हिकडं."

चांगदेवनं सरकवला.

रामचंद्र त्या गाडीत पहिल्यांदा बसला तो १९६१च्या मार्चात, डोळे दाखवायला पनवेलला जाताना, मागच्या सीटवर, चपला हातात धरून.