दिवसाला फक्त दोनशे वेळा

मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे वेबसाइटी सांभाळणारा संगणक. मित्रांनो, तुम्ही मोबाइलवर जे पान उघडता, ते माझ्यासारख्या कोणाच्या तरी पोटातून येते.

तरुणपणी मी एका विमा कंपनीत होतो. थंडगार खोली, स्वतंत्र पंखा, रोज विचारपूस. मग माझ्या जागी नवा गडी आला आणि माझी रवानगी फुकट वेबसाइटी देणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात झाली. तिथे माझ्या डोक्यावर नऊशे वेबसाइटी बसवल्या. एका गृहस्थाने तर स्वतःच्या मिशांचा इतिहास लिहून ठेवला होता. सगळे एकदम आले तर माझे कंबरडे मोडेल, म्हणून मालकांनी नियम केला, की एक वेबसाइट दिवसाला दोनशे वेळाच उघडेल. त्यानंतर मी ‘आजची मर्यादा संपली, उद्या सकाळी या’ अशी पाटी लावतो. या पाटीपायी मी जेवढ्या शिव्या खाल्ल्या, तेवढी वीजही खाल्ली नसेल.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचे मांजर हरवले. नाव गाठोडं, आणि वजनही तसेच. मावशींना ना नवरा ना मूल. शिवणयंत्राशेजारी बसून त्यांचे बोलणे ऐकून घेणारे तेवढे एकच. भाचीने माझ्याकडे त्याची वेबसाइट काढून दिली. मावशींनी गल्लोगल्ली कागद चिकटवले, पण त्यांवर फोन नंबर घातला नाही. कपडे वेळेवर शिवून देण्याची त्यांना सवय नव्हती. नंबर दिसला असता तर तगादेवाल्यांनी फोन करकरून जीव नकोसा केला असता. कागदावर फक्त वेबसाइटचा पत्ता, आणि नंबर पानाच्या तळाशी, गाठोड्याच्या अकरा फोटोंखाली.

पहिल्या दिवशी दुपारी एकलाच दोनशे भरले. दुसऱ्या दिवशी बारालाच. दोन्ही दिवशी तीनच्या सुमारास कोणीतरी आले, पाटी वाचली आणि परत गेले. मला वाईट वाटले, पण नियम तो नियम.

तीनला येणारे ते होते एक बेकरीवाले; सकाळी भट्टीमुळे त्यांना फुरसत नसे. गाठोडं त्यांच्या मैद्याच्या पोत्यांवर पसरले होते आणि हलायला तयार नव्हते. बेकरीत मांजर ठेवता येत नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मालक सापडला नाही तर ते दूरच्या गावी बहिणीकडे पाठवून द्यायचे, असे त्यांनी ठरवले. हे सगळे मावशींनी पुढे माझ्यावरच लिहून ठेवले, म्हणून मला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाचीने आदल्या दिवसांचा हिशेब पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“मावशी, ही वेबसाइट सारखी कोण उघडतंय माहितेय? तूच.”

“मग बघायला नको का, चालतेय की नाही ते?”

“तू बघतेस म्हणूनच ती बंद पडते.”

दर शिवणीला एकदा, दोरा ओवताना एकदा, असे करत दोनशेपैकी एकशे ऐंशी वेळा मावशीच यायच्या. भाचीने त्यांचा मोबाइल काढून घेतला नाही. फक्त आज हात लावू नकोस म्हणाली. मावशींनी तो कापडाच्या ठाणाखाली ठेवला आणि कामाला बसल्या. त्या दिवशी त्यांनी चार महिने रखडलेले सहा सदरे पुरे केले आणि डोळेही पुसले.

तीन वाजता बेकरीवाले आले. पाटी नव्हती. अकरा फोटो ओढून आणताना मला धाप लागली, पण तळाचा नंबर मी त्यांच्यापर्यंत पोचवला.

सहाला गाठोडं घरी आले. मावशींनी सगळी हकिकत लिहिली, गाठोड्याचे तीस नवे फोटो लावले आणि साऱ्या गल्लीला बघायला सांगितले. सात मिनिटांत मर्यादा संपली.

मजकुराच्या अगदी शेवटी एक ओळ होती: ‘आणि फुकटात राबणाऱ्या त्या बिचाऱ्या यंत्राचेही आभार.’ पण आलेले सगळे फोटो बघूनच परतले, आणि उरलेल्यांसाठी पाटी लागली. ती ओळ त्या दिवशी मी एकट्यानेच वाचली.

म्हणून सांगतो मित्रांनो, एखादे पान उघडले नाही तर लगेच पुन्हापुन्हा दाबू नका. तुमच्यामागे कोणीतरी उभे असेल, आणि त्याच्या कडेवर कोणाचे तरी गाठोडे असेल.