कानाला हात

"मान सरळ. मान वाकडी करायची नाही, राजा. नुसता हात वर."

राजानं ऐकलं नाही. साडेतीन वर्षांचा असेल-नसेल. त्यानं उजवा हात डोक्यावरून घेतला, मान उजव्या खांद्यावर पाडली, वर आलेला डावा कान दोन बोटांत गच्च पकडला आणि आईकडे बघून हसला. भोवतीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हा सातवा. सकाळपासून सात पोरं तपासली होती आणि सातही जणांनी कान पकडला होता. त्यातलं एक तर कडेवरून उतरायलाच तयार नव्हतं. त्याचा हात आईनंच ओढून कानापर्यंत नेला होता.

जन्माचे दाखले नसलेल्या वस्त्यांमध्ये वय ठरवायची ही जुनी रीत. उजवा हात डोक्यावरून जाऊन डाव्या कानाला लागला तर मूल सहाच्या पुढे गेलं. नाही लागला तर सहाच्या आत. तीनच्या पुढची आणि सहाच्या आतली वीस मुलं भरली तर वस्तीला सरकारी बालवाडी मिळायची. एकोणीस भरली तर नाही. बाई या बालवाड्यांच्या खात्यात पर्यवेक्षिका होत्या. एकतीस वर्षांत त्यांनी अडतीस बालवाड्या उभ्या केल्या होत्या, त्याही सगळ्या जीपचा रस्ता संपल्यावर तासभर चढून जावं लागेल अशा ठिकाणी. जातील तिथे "वीस हवीत हो, वीस" म्हणत फिरायच्या, म्हणून त्यांचं नाव पडलं वीसबाई. तोंडावर नुसतं बाई.

"हे सगळ्यांना कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं.

वस्तीतली दहावी झालेली एकुलती एक मुलगी पुढे आली. बालवाडी सुरू झाली तर तिथली ताई म्हणून तिचीच नेमणूक व्हायची होती. पोरं आत्तापासूनच तिला ताई म्हणत होती.

"मीच शिकवलं, बाई," ती लाजत म्हणाली. "पंधरा दिवस रोज सराव घेतला. आधी कुणाचाच पोचत नव्हता."

"अगं, पोचायला नकोच आहे!"

"म्हणजे?"

"पोचला तर मूल मोठं. बालवाडीतून बाद. मला न पोचणारी हवीत."

ताईचा चेहरा पडला. तिचीही चूक नव्हती. खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत हात पोचला तरच घ्यायचे. तिचा स्वतःचा पोचला नाही म्हणून तिला लहानपणी एक वर्ष रडत परत पाठवलं होतं. तेव्हापासून पोचला की पास, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"आम्ही तर तेल लावून हात ओढले हो पोरांचे," एक आई हळूच म्हणाली. "रोज संध्याकाळी."

बाईंना हसू आवरेना. पंधरा दिवसांचं मुसळ केरात, आणि तेही इतक्या मन लावून. सगळ्या बायका हसल्या. ताईसुद्धा शेवटी तोंडावर ओढणी धरून हसली. हसताना बाईंचा उजवा खांदा ठणकला, तशा त्या थांबल्या. खेळण्यांची पत्र्याची पेटी एकतीस वर्षं एकाच खांद्यावरून वाहिली होती. गेली दोन वर्षं तो आखडला होता. वेणी घालता येईना म्हणून त्यांनी केससुद्धा कापून टाकले होते. ऑफिसात लोकांना वाटलं, उतारवयात बाईंना हौस आली.

"चला, पहिल्यापासून," त्या ताईच्या हातात पेन देत म्हणाल्या. "आता मान मी धरणार."

त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि डाव्या हातानं एकेकाची हनुवटी धरून पुन्हा तपासू लागल्या. खोली वस्तीनंच दिली होती. पूर्वी तिथे लाकडं ठेवायचे. बायकांनी लाकडं बाहेर काढली, भिंतींना चुना लावला, जमीन सारखी केली. कोपऱ्यात मात्र अजून भुसा होता आणि पोरं तो एकमेकांच्या डोक्यावर टाकत होती. मान सरळ धरली तसे हात आपोआप तोकडे पडले. एक, दोन, पाच, नऊ. राजाचा हात डोक्याच्या टाळूपर्यंतच गेला. तो हिरमुसला, पण बाईंनी त्याला सगळ्यांत मोठ्यानं शाबासकी दिली.

तीन वर्षांपूर्वी बाई याच वस्तीत येऊन मोजणी करून गेल्या होत्या. तेव्हा तेवीस भरली होती. मग फाईल वर गेली. एकदा नकाशा जोडला नाही म्हणून परत आली. एकदा साहेब बदलले म्हणून पडून राहिली. एकदा जोडलेला नकाशा दुसऱ्याच वस्तीचा निघाला, ती चूक वरच्या ऑफिसची होती, पण खुलासा बाईंनीच लिहायचा होता. गेल्या महिन्यात मंजुरी आली आणि सोबत एक ओळ: पुढील महिनाअखेरपर्यंत मुलांची फेरमोजणी करून यादी सादर करावी. मंजुरी आली खरी, पण पोरं तेवढी थांबली नव्हती. तेविसांतली बरीचशी सहाच्या पुढे गेली होती.

आणि त्याच महिनाअखेरीला बाई निवृत्त होत होत्या. त्यांच्या जागी येणारा माणूस इतका चढ चढेल, अशी आशा कुणालाच नव्हती. यादी भरली नाही तर बालवाडी जाणार होती खालच्या रस्त्यावरच्या वस्तीला, जिथे साहेबांची गाडी दारापर्यंत जाते.

"अठरा," बाई म्हणाल्या. "एकोणीस."

पुढे कुणी आलं नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात बाईंच्या पर्समधला फोन एकदाच वाजून थांबला. लेकीचा होता. रेंज खोलीमागच्या मोठ्या दगडावर उभं राहिलं तरच मिळायची, हे बाईंना तीन वर्षांपासून माहीत होतं. त्या उठल्या आणि दगडावर जाऊन उभ्या राहिल्या.

"आई, कामात आहेस का?"

"एकोणीस झालीत. एक कमी पडतंय. बोल."

"काही नाही, तुला सांगायचं राहिलं. चिमीला घातलं शाळेत. कालपासून जायला लागली."

चिमी म्हणजे बाईंची नात. तिच्यासाठी त्यांनी मण्यांच्या माळा, चिंध्यांचे चेंडू, रंगवलेले ठोकळे, सगळं वेगळ्या पिशवीत भरून ठेवलं होतं. निवृत्त झाल्या की लेकीकडे जाऊन राहायचं, अडतीस वस्त्यांतल्या पोरांना शिकवलं ते सगळं निवांत एका पोरीला शिकवायचं, असा त्यांचा बेत होता.

"अगं, पण मी येतेच आहे ना पुढच्या महिन्यात! थांबायचंस की जरा."

"तीन वर्षं तू पुढच्याच महिन्यात येते आहेस, आई. ती किती थांबणार?" लेकीचा आवाज चिडलेला नव्हता, हेच बाईंना जास्त लागलं. "ये तू, नक्की ये. दुपारी तीनला येते ती घरी. बरं, तुमचं चालू द्या, बाई."

लहानपणी लेक त्यांना बाईच म्हणायची. सगळं जग म्हणायचं म्हणून तीही. आई म्हणायला शिकली ती पाचव्या-सहाव्या वर्षी, शेजारणीनं समजावून सांगितलं तेव्हा. अजूनही कुठे दुखावली की तिच्या तोंडून तेच यायचं. बाई फोन हातात धरून थोडा वेळ दगडावरच उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होतं, पण खालून बायका बघत होत्या.

त्या उतरून खोलीत आल्या तशी ताई जवळ आली.

"बाई, एक बोलू? पलीकडच्या घरातलं लहान मूल आहे, दीड वर्षाचं. त्याचं तीनचं म्हणून लिहून टाका ना. कोण बघायला येतंय इथं?"

बाईंनी डाव्या हातानं आपला डावा कान धरला. "नाही गं बाई. त्याला मी कानाला हात लावलाय."

हे खरंच होतं. खात्यात कुणी वयाची ओढाताण करायचं नाव काढलं की बाई असाच कानाला हात लावायच्या, आणि लोक त्यांची नक्कल करायचे. बारा वर्षांपूर्वी एका वस्तीत पट अठरावर आला, तेव्हा त्यांनी स्वतःच उभी केलेली बालवाडी स्वतःच्या सहीनं बंद केली होती. दोन नावं वाढवणं काही अवघड नव्हतं. त्या वस्तीतून जाताना अजूनही त्यांना कुणी पाणी विचारत नाही.

"माझं राहिलं," मागून आवाज आला.

बाईंना ती सकाळपासून दिसत होती. दाराशी, जिथे ऊन आत येतं तिथे, मांडी घालून बसली होती. ओल्या केसांचा चापून भांग पाडलेला. तीन वर्षांपूर्वीच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं, आणि बाईंनीच तिला सांगितलं होतं, "शाळा आली की पहिली तूच हं." तेव्हापासून वस्ती तिला पहिली म्हणूनच हाक मारायची. लाकडं काढून खोली रिकामी झाली त्या दिवशीच तिनं दाराजवळची जागा धरली होती आणि तिथे कुणाला बसू देत नव्हती.

बाईंनी तिला मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. बोलावलं नसतं तर बरं, असंही त्यांना वाटत होतं.

पहिली पुढे आली. कुणी सांगायच्या आधीच मान ताठ धरली. उजवा हात डोक्यावरून सरळ पलीकडे गेला आणि तिनं डावा कान अख्खा मुठीत धरला.

"पोचला," ती म्हणाली.

खालच्या गावातली शाळा ओढ्यापलीकडे, दीड तासाच्या वाटेवर. वस्तीतली पोरं तिथे जायची ती आठ-नऊ वर्षांची झाल्यावर. पोरी तर बहुतेक जायच्याच नाहीत. इथे बसायला पहिली मोठी होती आणि तिथे जायला लहान.

"अगं, आखडता घे की हात," ताई कुजबुजली. "ऐकलंस ना मघाशी?"

"का? पोचतो माझा." पहिलीचे ओठ थरथरायला लागले. "तूच म्हणालीस पोचला की शाळा. मी सगळ्यांत जास्त सराव केला. सगळ्यांच्या आधी पोचला माझा."

"हो, पण आता ते उलटं झालंय ना."

"मग मी काय करू?"

ती बाईंकडे बघत होती. कान तिनं सोडला नव्हता. बाईंना काय करायचं ते दिसत होतं, आणि त्याची शरमही वाटत होती. तीन वर्षं वाट बघितलेल्या पोरीला शाळेतला पहिला धडा द्यायचा तो हा: आहेस त्याहून लहान हो. पण खुलासे, नकाशे, साहेब, पुढचा महिना या सगळ्याचा त्यांना आता फार कंटाळा आला होता. एकदा लेक थांबली नाही, एकदा नात. निदान हिनं तरी थांबल्याचं काही मिळवावं.

"इकडे ये," बाई म्हणाल्या. "आता माझं वय मोज."

पहिलीनं कान सोडला आणि डोळे पुसले.

बाईंनी उजवा हात उचलला. तो खांद्याच्या वर गेला तशी कळ आली. दात आवळून त्यांनी तो डोक्यापर्यंत नेला. कपाळाच्या वर, भांगाशी येऊन तो थांबला. पोरं अवतीभोवती गोळा झाली.

"अजून," पहिली म्हणाली.

"नाही जात."

"मान वाकडी करा." राजानं सुचवलं.

"मान वाकडी करायची नाही," पहिलीनं त्याला दटावलं. मग बाईंकडे वळून विचारलं, "दुखतं?"

"दुखतं."

"म्हणजे तुमचा पोचतच नाही?"

"नाही. कधीचाच नाही."

"मग तुम्ही लहान," एक पोरगी म्हणाली आणि सगळी खोली हसली. पहिली हसली नाही. ती बाईंच्या हाताकडे बघत राहिली, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. आणि तिनं आपला हात वर केला. सावकाश, कपाळाच्या वर, भांगापर्यंत आणून थांबवला. बाईंचा होता तिथेच. दुखल्यासारखे डोळेसुद्धा बारीक केले.

"माझा पण नाही जात," ती म्हणाली.

बाईंचा हात वरच होता. ताईकडे न बघता त्या म्हणाल्या, "लिही. विसावी. हात कानाला पोचतो का, त्या रकान्यात लिही, नाही."

ताईचं पेन थबकलं. "बाई, पण तुमची सही..."

"सही मी करते. लिही तू."

पेन कागदावर चाललं. एकतीस वर्षांत असं त्यांनी कधी लिहवून घेतलं नव्हतं. त्याचं जेवढं वाटेल असं त्यांना वाटत आलं होतं, तेवढं काही वाटलं नाही. खांदा तेवढा जळत होता.

"झालं," बाई पहिलीला म्हणाल्या. "आता हात खाली घे."

"तुम्ही आधी," पहिली म्हणाली.

बाईंनी डाव्या हातानं उजवा हात कोपराशी धरला आणि हळूहळू खाली आणला. तो मांडीवर येऊन टेकेपर्यंत पहिली तशीच उभी राहिली. मग तिनं आपला हात खाली घेतला आणि दाराजवळच्या आपल्या जागेवर जाऊन बसली.