सखूबाईच्या मताविरुद्ध माझी साक्ष

मित्रांनो, मी मतदानाचा एक जुना शिक्का आहे. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आरसे आणि भिंगं ठेवलेलं कपाट आहे ना, त्याच्या खालच्या फळीवर पडलेली ती काळपट लाकडी मूठ म्हणजे मी. मी रागावलेला आहे. चाळीस वर्षं झाली, तरी राग उतरलेला नाही. तो नेमका कोणावर आहे हे तुम्हाला कळावं, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

माझं अंग गंधक घालून तापवलेल्या रबराचं आहे. गरम साच्यात दाबून त्यावर चार बाणांची फुली उठवली आणि वर ही मूठ बसवली. ही फुली नीट पाहा. तिच्या चारही टोकांचे बाण एकाच दिशेने वळलेले आहेत. ते शोभेसाठी नाहीत. साधी फुली आरशात पाहिली तर साधीच दिसते. माझी फुली आरशात पाहिली तर बाण उलट्या बाजूने फिरलेले दिसतात. मतपत्रिकेवरची शाई ओली असताना कागदाची घडी घातली की समोरच्या भागावर दुसरी खूण उमटते. ती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी असते. म्हणून मत मोजणाऱ्याला खरी खूण कोणती आणि घडीमुळे उठलेली कोणती, हे लगेच ओळखता येतं. घडी चुकली म्हणून कोणाचं मत वाया जाऊ नये, एवढ्यासाठी ही युक्ती केली होती. मला तिचा फार अभिमान होता.

मी कापडी पिशवीत बसून एस.टी.ने हिंडलो, जीपने हिंडलो, एकदा तर बैलगाडीतूनही गेलो. मतदानाच्या दिवशी माझं कौतुक व्हायचं. म्हाताऱ्या माणसांना मला कसं धरायचं हे शिकवताना कर्मचारी मला हळूच उचलून दाखवायचे. एरवी मी तालुक्याच्या कचेरीत रामकिसन कारकुनाच्या खणात, सुकलेल्या शाईच्या गादीशेजारी पडून असे. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

सन एकोणीसशे त्र्याऐंशीच्या मार्च महिन्यात दौलताबादचा किल्ला लांबून दिसतो अशा एका गावात मला नेलं. तिथल्या ग्रामपंचायतीत नऊ जागा होत्या. एक सदस्य वारला होता आणि उरलेले आठ जण चार-चार असे फुटले होते. त्या नवव्या जागेची पोटनिवडणूक होती. छत्री चिन्हावर तात्यासाहेब उभे होते, कंदील चिन्हावर बद्रीनाथ. वाळूजला कारखाने उभे राहत होते, रस्त्यांना खडी हवी होती आणि गावच्या गायरानात काळा दगड होता. तात्यासाहेबांना तिथे आपला क्रशर बसवायचा होता, बद्रीनाथला आपल्या मेहुण्याचा. गायरान द्यायचं की नाही, यावर त्यांचं भांडण नव्हतंच.

त्या गायरानावर धनगरवस्तीची मेंढरं चरत. वस्तीत एकेचाळीस मतं होती. वस्तीतल्या बिरूनेही अर्ज भरला होता, पण अर्ज मागे घेण्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्याच्या दाराशी काही माणसं जाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेतला गेला. मग कागदावर दोनच चिन्हं राहिली.

मतदान शाळेच्या खोलीत होतं. पुठ्ठ्याचा आडोसा खिडकीशी लावला होता आणि खिडकीखाली बायकांची रांग होती, त्यामुळे मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"मंजुळाबाई, कोणावर मारायचा मग?"

"दोन्हीवर."

"दोन्हीवर मारल्यावर बाद होतंय की ते."

"होऊ दी," मंजुळाबाई म्हणाली. वस्तीत तिचा शब्द चालत असे. "घरी बसलो तर म्हनतेल, धनगरं आलीच नाय, त्येंला काय पडलंय? आलो म्हंजी बोटाला शाई लागती. एकेचाळीस जनं आली आन् एकेचाळीसांनी दोघांलाबी नको म्हनलं, हे कचेरीच्या कागदावर चढलं पायजे. बाद मतं किती, ते लिहून ठेवतेत. त्यो आकडा धरून मी अर्ज देते, की गायरान द्यायला वस्तीचं एकबी मत नाय."

तिचं गणित बरोबर होतं. बाद मतांची संख्या खरोखरच लिहून ठेवतात.

पहिल्या सात-आठ जणांनी मला दोनदा ठोकलं. खालचं बाक पोकळ होतं, आवाज खोलीभर घुमत होता. दाराजवळ तात्यासाहेबांचा प्रतिनिधी बन्सी बसला होता.

"मावशे, मत द्यायलीस का खुट्टा ठोकायलीस?" त्याने आडोशाकडे पाहून विचारलं.

"खुट्टाच हाय बाबा. मेंढरं तुझ्या दारात बांधावी म्हनते."

रांग हसली. बन्सीही हसला, पण तो आता आवाज मोजू लागला होता. थोड्या वेळाने तो उठून बाहेर, खिडकीखाली आला.

"ऐका गं. आवाज एकच आला पायजे, छत्रीवरचा. दोन आले, नायतर आलाच नाय, तर उद्यापासून त्या घरचं मेंढरू तात्यासाहेबांच्या हौदावर दिसायला नाय पायजे. नाव लिहून ठेवायलोय मी."

मार्च महिना होता. नाला आटलेला होता. मेंढरांना पाणी मिळेल असा तेवढाच एक हौद होता. केंद्राध्यक्षांनी हे सगळं ऐकलं आणि नोंदवहीत डोकं घातलं. बद्रीनाथचा प्रतिनिधी शेजारीच तंबाखू मळत राहिला. मत कोणाला दिलं हे गुप्त असतं. ते किती आवाजात दिलं हेही गुप्त असावं, असं कोणालाच वाटलं नव्हतं.

बन्सी आत गेल्यावर मंजुळाबाई कुजबुजली, "कागद उलटा करा. पाठीवर मारा. एकदाच." निरोप रांगेतून मागे गेला. पाठीवरचं मतही बादच होतं. त्यानंतर वस्तीच्या प्रत्येक माणसाने मला एकदाच ठोकलं आणि मी तात्यासाहेबांची छत्री न शिवता कोऱ्या कागदावर उमटत राहिलो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर दिवस होता.

सखूबाई मात्र तेव्हा रांगेत नव्हती. ती मेंढरं घेऊन डोंगराकडे गेली होती. पाच वाजायला दहा मिनिटं असताना ती एकटीच आली. बन्सीने दारातच तिला एका आवाजाची ताकीद दिली. दोन्हीवर मारायचं एवढंच तिच्या कानावर आलं होतं; पाठीवर मारायचं सांगायला खिडकीखाली कोणीच उरलं नव्हतं.

आडोशामागे तिने मला उचललं. हाताला लोकरीचा वास होता. मग तिने वरच्या चिन्हावर, म्हणजे छत्रीवर, मला एकदाच ठोकलं. ओली शाई वाळू न देता दोन चिन्हांमधल्या रेघेवर कागद दुमडला आणि तळहाताने जोरात दाबला. उघडून पाहिलं, तर कंदिलावरही फुली उठली होती.

"घे," ती पुटपुटली. "आता कोणाचंच नाय."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मोजणी झाली. तात्यासाहेब त्रेसष्ट, बद्रीनाथ त्रेसष्ट, बाद चाळीस. आणि एक मतपत्रिका बाजूला, दोन खुणांची.

"बाद," बद्रीनाथचा माणूस म्हणाला.

"नीट बघा, साहेब," बन्सी म्हणाला. "एक मारलेली हाय, एक उठलेली."

अधिकाऱ्यांनी सीलबंद पाकिटातून मला काढायला सांगितलं. रामकिसनने मला गादीवर दाबून कोऱ्या कागदावर उमटवलं आणि तो कागद मतपत्रिकेशेजारी ठेवला. छत्रीवरचे बाण माझ्यासारखे फिरत होते. कंदिलावरचे उलटे.

"छत्रीवरची खूण खरी. मत वैध."

चौसष्ट विरुद्ध त्रेसष्ट. तात्यासाहेब एका मताने निवडून आले. निर्णय नियमाप्रमाणे बिनचूक होता, आणि माझा राग नेमका त्या बिनचूकपणावर आहे. एका बाईने जे सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडी घालायला माझी साक्ष काढली, आणि मी खरी साक्ष दिली.

तिसऱ्या दिवशी मंजुळाबाई अर्ज घेऊन कचेरीत आली. बरोबर सखूबाई होती. रामकिसनने अर्ज वाचला.

"बाई, तुम्ही लिहिलंय वस्तीचं एकही मत नाही. बाद चाळीस आहेत. तुम्ही एकेचाळीस. काल तात्यासाहेब इथंच बसून म्हणत होते, वस्तीच्या मतानंच मी आलो. आता तुमचा अर्ज खोटा, असंच म्हणणार ते."

मंजुळाबाईने हळूहळू मान वळवून सखूबाईकडे पाहिलं.

"मंजुळे, लेकरांची आन," सखूबाई म्हणाली. "मी दोघांवर उठवलं. आवाज एक, खुणा दोन. आपल्या मेंढराच्या पाठीवर गेरूची खूण असती. दुसऱ्या कळपाचं मेंढरू घासलं की त्याची खूणबी लागती. दोन खुणांचं मेंढरू पंच बसस्तोवर कोणी आपलं म्हनत नाय. म्हनत नाय ना?"

"नाय म्हनत," मंजुळाबाई म्हणाली.

रामकिसन वाईट माणूस नव्हता. त्याने खणातून मला काढलं, एका चिठोऱ्यावर उमटवलं, घडी घालून उघडून दाखवलं. "हे बघा, मावशी. ही सुलटी, ही उलटी. म्हणून कळतं."

सखूबाईने ते बराच वेळ पाहिलं. "लई हुशारीनं केलंय," ती म्हणाली. "मंग मी नको म्हनले, ते कशावरनं कळतं?"

"त्याला कागदावर जागा नाही, मावशी."

तेव्हा तिने मला त्याच्या हातातून काढून घेतलं. अर्जाचा कागद पालथा केला आणि टेबलावर मला ठोकलं. एकदा, दोनदा, तीनदा. शेजारच्या खोलीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. शाई संपून फक्त कोरडा ठसा उठायला लागला, तरी ती ठोकत होती.

"बन्सीला म्हनावं, मोज आता," ती म्हणाली, आणि मला खाली ठेवून निघून गेली.

अर्ज फाइलला लागला. पाचास चार मतांनी गायरान तात्यासाहेबांकडे गेलं. दिवाळीच्या आत क्रशर सुरू झाला. धुळीची तक्रार घेऊन वस्तीची माणसं पुढे दोन-तीनदा कचेरीत आली, नंतर तीही यायची थांबली. मी खणातच होतो. पुढे मतदानाची यंत्रं आली आणि आम्हा शिक्क्यांचं पोतं रद्दीत निघालं. औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून तुमच्या शाळेने मला आणलं, आरशातली प्रतिमा शिकवायला. आता यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असं बटण असतं, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलं. सखूबाईला ते मिळालं नाही.

तर मित्रांनो, माझं रबर आता कडक झालं आहे. मला तेलपाणी करा असं मी म्हणत नाही. मला आरशासमोर धराल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. ज्यांनी मला घडवलं, त्यांनी शाई ओली राहील याचा विचार केला, घडी चुकेल याचाही विचार केला. दोघंही नकोत असं म्हणायला कोणी डोंगरावरून चालत येईल, हे मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि लोकांना काही विचारण्यासाठी एखादा कागद तयार कराल. तो छापायला देण्याआधी सखूबाईच्या हातात द्या, आणि ती शिक्का कुठे मारते ते पाहा. तिला जागा सापडली नाही, तर तो कागद फाडा आणि नवा करा.