डाव्या सीटपुढचं भोक

कमळ गेली हे मला कोणी सांगितलं नाही. ठाण्याच्या इस्पितळासमोर मी उन्हात उभी होते. तिचा नवरा केसरीनाथ एकटाच बाहेर आला. सवयीने त्याने आधी डावं दार उघडलं, थोडा वेळ धरून ठेवलं. मग हातातली पिशवी सीटवर ठेवली आणि दार हळू लावलं. पिशवीत तिच्या चपला होत्या. तेव्हा मला कळलं.

मित्रांनो, मी दिघाशी गावची एक जुनी, पांढरी फियाट गाडी आहे. माझा पहिला मालक नारपोलीचा, कापडाचे माग चालवणारा लूमवाला. त्याच्याकडून केसरीनाथने मला घेतलं. मी दारात आले तेव्हा कमळने चाकांखाली लिंबं ठेवली आणि माझ्या तोंडावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. पुढे मी खूप काम केलं. भाताची पोती वाहिली, अडलेल्या बायका दवाखान्यात पोचवल्या, खारबावच्या स्टेशनावरून पाहुणे आणले. लोक म्हणायचे, गाडी असावी तर केसरीनाथसारखी. नंतर गावात नव्या गाड्या आल्या. मग मी बहुतेक वेळ पडवीला उभी असायचे आणि माझ्याखाली कोंबड्या बसायच्या.

एकदा कॅसेट वाजवायचं यंत्र बसवताना एका कारागिराने तार न्यायला पत्र्याला भोक पाडलं. इंजिनाची जागा आणि माणसांची जागा यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्याला. तार मग दुसरीकडूनच नेली. भोक मात्र राहिलं, अगदी कमळच्या पायांसमोर. इंजिन तापलं की तिथून गरम वारा यायचा.

"पाय भाजलं माझं! मी काय तव्यावरची भाकरी हाय?" ती म्हणायची.

"थंडीत बरं वाटतं, तवा बोलत न्हायस," केसरीनाथ म्हणायचा.

तेही खरं होतं. शेवटी तिने जुन्या लुगड्याची चिंधी भोकात कोंबली. उन्हाळ्यात ती चिंधी आत असायची. थंडी पडली की कमळ चिंधी काढायची, चपला उतरवायची आणि दोन्ही पाय भोकासमोर ठेवून बसायची.

त्यांच्या मुलीचं, उन्नतीचं, लग्न ठरलं होतं. कमळ म्हणाली होती, "पोरगी आपल्याच गाडीतून धाडायची. पन आधी रंग दे. असली खरजुली गाडी व्याह्याच्या दारात न्यायची न्हाय." मग ती गेली आणि लग्न वर्षभर पुढे ढकललं. ते वर्ष सरत आलं तसं केसरीनाथने मला नारपोलीत सुगत पेंटरकडे आणलं.

सुगतने आधी माझं इंजिन साखळीने उचलून बाहेर काढलं आणि जुन्या टायरवर ठेवलं. बॅटरी काढली, तारा बाजूला बांधल्या. रॉकेल आणि ब्रशने इंजिनाची जागा घासली, मग सोड्याच्या पाण्याने धुतली. इतक्या वर्षांची काजळी निघाली. गंज खरवडला, पॉलिश पेपर मारला. आधी सगळी भोकं पत्रा जोडून बंद करायची, सांधे मसाल्याने, म्हणजे लांबीने, भरायचे, अस्तर द्यायचं आणि मगच रंग, अशी त्याची रीत. एकेक करत तो डाव्या बाजूला आला.

"काका, इथे चिंधी आहे. फेकू?"

केसरीनाथ स्टुलावरून उठला. "हात नको लावूस. ऱ्हाऊ दे तशीच. वरून मसाला भर."

"कापडावर मसाला? कापड ओल धरतं, काका. पत्रा सडेल, रंग फुगेल, मग शिव्या मला घालाल."

"न्हाय घालनार."

"सगळे असंच बोलतात. माझ्या सख्ख्या बापाची स्कूटर रंगवली, तो अजून घालतो."

केसरीनाथ हसला नाही. जेवणाचा डबा घेऊन आलेली उन्नती पुढे झाली. "बाबा, चिंधी माझ्याकडे द्या. मी जपून ठेवते."

त्याने स्वतःच ती काढली आणि तिच्या हातात दिली. सुगतने भोकाच्या मापाची पत्र्याची चकती कापली आणि जोडकामाचा गॅस पेटवला.

"थांब जरा," केसरीनाथ म्हणाला.

तो डाव्या बाजूने आत शिरला. त्या सीटवर तो कधीच बसला नव्हता. त्याने चपला काढल्या आणि पाय भोकासमोर ठेवले.

"ऊब येते रे," तो म्हणाला.

"काका, काय मजाक करता? इंजिन तर तिकडे टायरवर पडलंय." सुगतने हसत हसत भोकावर तळहात धरला. तो तसाच धरून राहिला. मग त्याने गॅस बंद केला. "चहा पिऊन येतो," म्हणाला आणि गेला.

उन्नतीने हात लावून पाहिला नाही. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आईला गाडी रंगवलेली पायजे होती, बाबा. भोक नको होतं तिला."

"ठाव हाय मला," केसरीनाथ म्हणाला. पण तो उठला नाही.

मित्रांनो, माझ्या पोटात इंजिन नाही. ही ऊब कुठून येते, मला ठाऊक नाही. मी पत्र्याची गाडी आहे, खोटं सांगून मला काय मिळणार? मला एवढंच कळतं की आत कोणी बसलेलं नसतानाही त्या पत्र्याला दोन टाचा टेकलेल्या असतात. तेव्हा मी जरासुद्धा हलत नाही.

तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी गाडी असेल. तिला धुवा, तिचा गंज वेळेवर काढा. आणि शेजारी बसलेलं माणूस पाय भाजतात म्हणालं, तर गाडी त्याच दिवशी कारागिराकडे न्या.

केसरीनाथ रोज येतो, डाव्या सीटवर बसतो आणि सुगतला म्हणतो, "उद्या कर." लग्न जवळ आलं आहे. बाकी सगळ्या जागेला अस्तर लागलं आहे. कापलेली चकती फळीवर पडून आहे. ते भोक अजून बुजवायचं राहिलं आहे.